डावीकडून सातवा

प्रिय ठकू,

फोन सोडून बाबा पत्र कशाला लिहायला बसले, असं तुला वाटेल. फोन तुझ्या आईच्या पलंगाशेजारी आहे, आणि तिला सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही. शिवाय काही गोष्टी मला तोंडानं सांगायला जमत नाहीत. आत्ता दुपारचे तीन वाजलेत, ती झोपली आहे, आणि मी माझ्या घड्याळांच्या टेबलावर, भिंगाच्या दिव्याखाली हे लिहितो आहे.

आधी तब्येतीचं. झटका येऊन चार महिने होत आले. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. पाय बराच सुधारलाय, काठी धरून न्हाणीघरापर्यंत जाते. बोलण्यात मात्र एकच शब्द उरलाय, 'मंगळवार'. मंगळवारच का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणाले, एखादा शब्द असा अडकून बसतो. पाणी हवं असलं तरी मंगळवार, पंखा नको असला तरी मंगळवार. सुराकडे लक्ष दिलं की बरंचसं उमगतं. परवा दूधवाल्याला तिनं आतूनच असा काही करडा मंगळवार ऐकवला की तो म्हणाला, "बरं काकू, उद्यापासून वेळेवर आणतो." तो गेल्यावर आम्ही दोघंही हसलो. असे क्षण येतात, नाही असं नाही.

पण काळजी वेगळीच आहे. हात परत यायचा असेल तर पहिल्या सहा महिन्यांतच येईल, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यासाठी व्यायाम केंद्रात जायला हवं, तिथली यंत्रं काही घरी येत नाहीत. दर गुरुवारी अकरा वाजताची वेळ आपल्यासाठी राखून ठेवली आहे. असे आठ गुरुवार गेले, आणि ती एकदाही तिथे पोचलेली नाही. कारण सांगितलं तर तू म्हणशील, हे काय कारण झालं? कारण आहे तिचं कपाट.

त्या कपाटाची तू लहानपणी फार थट्टा करायचीस. सत्तावीस वर्षं तिनं दुकानात स्कार्फ, पट्टे, पर्स आणि माळांचं काउंटर सांभाळलं, आणि तीच शिस्त घरी आणली. दांडीवर ड्रेस रंगांच्या क्रमानं, लालपासून जांभळ्यापर्यंत. खालच्या कप्प्यात त्याच क्रमानं गुंडाळून ठेवलेले स्कार्फ, दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यांवर त्याच क्रमानं माळा आणि पर्स. सातव्या ड्रेसवर सातवा स्कार्फ आणि सातवी माळ. ती पलंगावरून नुसतं म्हणायची, "अहो, डावीकडून सातवा," आणि मी तो जोड काढून आणायचो. अंगावरची एकच वस्तू ओरडली पाहिजे, बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं, हा तिचा कायदा. पर्स आणि चपला एकाच रंगाच्या घेणाऱ्या गिऱ्हाइकांना ती गोड बोलून परतवायची आणि घरी आल्यावर म्हणायची, "पुतळ्याला शोभतं हो, बाईला नाही." पांढऱ्या केसांजवळ कुठला रंग न्यायचा आणि कुठला नाही, यावर ती अर्धा तास बोलू शकायची. तो अर्धा तास मी हूं हूं करत घड्याळाची चाकं पुसायचो. आता वाटतं, लिहून घ्यायला हवं होतं.

ती बावीस दिवस दवाखान्यात होती. दिवसा तिच्याजवळ बसायचो, पण सकाळी घरात एकटा असलो की हातांना चैन पडायचं नाही. मी घड्याळजी. बंद पडलेली वस्तू उघडायची, सुटी करायची, पुसायची, पुन्हा लावायची, एवढंच मला येतं. तिला बरं वाटेल म्हणून मी अख्खं कपाट बाहेर काढलं, आधीचा क्रम टिपून न ठेवता. प्रत्येक कपडा धुतला, इस्त्री केली, माळा मऊ ब्रशनं साफ केल्या. मग माझ्या ट्रेमधले सुटे भाग लावतो तसं सगळं परत लावलं. ड्रेस लांबीप्रमाणे. स्कार्फमध्ये चौकोनी वेगळे, लांब वेगळे. माळा तर मी मण्याची जाडी कॅलिपरनं मोजून लावल्या, तीन मिलिमीटरपासून चौदापर्यंत. ठकू, मला त्याचा अभिमान वाटत होता गं.

घरी आल्यावर तिनं डाव्या हातानं दार उघडलं. बराच वेळ बघत राहिली. माझ्याकडे वळली, माझ्या गालावर हात ठेवला, आणि दार लावून घेतलं. रागावली असती तर परवडलं असतं.

तेव्हापासून रोज सकाळी आमचं हेच. मी एक ड्रेस काढतो, त्यावर एक स्कार्फ धरतो, ती मान हलवते. दुसरा धरतो, मान हलवते. तिनं स्वतः काढावं म्हटलं, तर काठी सोडून दांडीपर्यंत हात नेता येत नाही, तोल जातो. बोटानं दाखवते, मी भलतंच उचलतो. दहाव्या खेपेला तिच्या डोळ्यांत पाणी येतं. मग मी तिच्या अंगावर घरातला मोकळा गाऊन चढवतो, आणि गाऊनमध्ये बाहेर पडणारी बाई ती नव्हे. वरच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावलं, तर त्या म्हणाल्या, "इश्श, आजारपणात कसली आलीय फॅशन? गाऊन बरा की, सुटसुटीत." तरी बिचाऱ्या तासभर बसल्या. त्यांनी सांगायचं, मी चिठ्ठी लिहून टाचायची. चिठ्ठ्या वाचल्यास तर हसशील. 'मळकट गुलाबी', 'धड निळा नाही', 'आमच्या जावेच्या पडद्यासारखा'. आता त्यांच्या जावेचा पडदा मी कुठे बघायला जाऊ?

गेल्या गुरुवारी तिनं मान हलवली नाही. मी जे दिलं ते निमूट घालून घेतलं. मला वाटलं, जमलं! पर्स तिच्या खांद्याला लावली, रिक्षा बोलावली, लिफ्टमध्ये शिरलो. लिफ्टला आरसा आहे. तिनं स्वतःला पायापासून वरपर्यंत पाहिलं. मग डाव्या हातानं गळ्यातली माळ काढायला लागली. एका हातानं निघेना. मी मदत करायला गेलो तर माझा हात बाजूला केला. तिनं माझ्यासाठी ते घातलं होतं गं. माझं मन मोडू नये म्हणून त्या अवतारात निघाली होती. तळमजल्यावर दार उघडलं, आम्ही दोघं तसेच उभे, आणि दार आपलं आपण पुन्हा लागलं. त्या दिवसापासून ती न्हाणीघराखेरीज पलंग सोडत नाही.

आता तू विचारशील, बाबा, तुमच्या डोळ्यांना काय झालंय? आत्ता काही झालेलं नाही. जन्मापासूनचं आहे. मला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही. तपकिरीही त्यांच्यातच जाऊन बसतो. गुलाबी आणि राखाडी मला सख्खी भावंडं वाटतात. लहानपणी भाऊ मला कच्ची फळं पिकली म्हणून खायला घालायचे आणि पोट धरून हसायचे. पुढे कारखान्यातली चांगली नोकरी रंगीत तारांच्या परीक्षेत गेली. तुझ्या आईच्या काउंटरवर मी पहिल्यांदा गेलो तो कोटाला जुळता मफलर घ्यायला. मी निवडलेला तिनं मुकाट्यानं बदलून दुसराच बांधून दिला, आणि ते मला लग्नानंतर चार महिन्यांनी सांगितलं. मी तिला शपथ घातली. कुणाला सांगायचं नाही, उद्या मूल झालं तर त्यालाही नाही. ती म्हणाली, "बरं." तू चित्र घेऊन माझ्याकडे धावत यायचीस, तेव्हा ती स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणायची, "अगंबाई, केवढा हिरवागार डोंगर!" मग मी म्हणायचो, वा, काय हिरवा आहे. पहिल्या मुलाखतीला तू मिरवलास तो स्कार्फ, 'बाबांची पसंती'? मी फक्त कागदात गुंडाळला होता.

आणि गेल्या वर्षीचं तुझं इथलं येणं. तू आणलेला शर्ट घालून मी बाहेर आलो आणि आईनं मला आत बोलावून पँट बदलायला लावली. तू किती चिडलीस. "बाबांना स्वतःची पँट निवडायचीसुद्धा मुभा नाही का? चाळीस वर्षं बाहुला करून ठेवलंयस त्यांना," असं म्हणालीस. तिनं ती पँट घडी करून ठेवली. मी तिथेच उभा होतो, चष्मा पुसत. एका वाक्याचं काम होतं आणि ते वाक्य माझं होतं. दुसऱ्याच दिवशी तू बॅग भरलीस. तेव्हापासून फोन मलाच येतो, आणि "ती कशी आहे?" हे तू शेवटी, घाईघाईनं विचारतेस. झटका आल्याचं कळवलं तेव्हाही तू म्हणालीस, "मी आले तर तिला त्रासच होईल." मी त्यावरही गप्प बसलो. बोलता येत होतं तेव्हा तिनं माझ्यासाठी सांगितलं नाही, आणि आता तिला सांगता येत नाही. मला येतं, म्हणून हे लिहिलं. तिचं कपाट पूर्वीसारखं लावू शकेल असं तुझ्याखेरीज कुणी नाही. पण ते नाही जमलं तरी चालेल, तू तिच्याजवळ बस. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, हवं तितकं, पण ते इथे येऊन, आणि जमलं तर बुधवारच्या आत.

तुझाच, इतकी वर्षं गप्प राहिलेला,
बाबा