दगडी आत्याचा पाय

जळोची, बारामती
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

पूर्वी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बाबांचा, आनंदचा, गुडघा आता बरा आहे, असं तुझा भाऊ मिहिर म्हणाला. तो आज दुपारी परत निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देते आहे.

तुझी कादंबरी वाचून उत्कर्षाने तिच्या गोळ्या बंद केल्या आणि दिवाळीच्या पाडव्याला ती सकाळपासून चार वाजेपर्यंत सणसरच्या उसात सापडत नव्हती. म्हणून लिहिते आहे. फोनवर तू मध्ये बोलतेस. इथे तुला मध्ये बोलता येणार नाही.

उत्कर्षा म्हणजे सणसरच्या माझ्या थोरल्या जाऊबाई लीलाबाई, त्यांची नात. बारावीला आहे, कॉलेजसाठी माझ्याकडे राहते. मागच्या वर्षी ती दोन महिने कुणाशी बोलत नव्हती, केस विंचरत नव्हती. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. पोरगी हळूहळू उठली, जेवायला लागली, गणितं सोडवताना गुणगुणायला लागली. सणसरच्यांनी विचारलं, गोळ्या कसल्या, तर थायरॉइडच्या, असं सांगितलं गेलं.

दसऱ्याला आपट्याच्या पानासोबत तुझं ‘काजळगड’ मी तिला दिलं. चार दिवसांत तिने ते संपवलं. पाचव्या दिवसापासून रोजची गोळी बेसिनमध्ये टाकू लागली. रिकामी पाकिटं कचऱ्यात नीट दिसत होती, त्यामुळे मला पत्ता लागला नाही. मग दिवाळीला ती गावी गेली. तिथे झोप गेली, जेवण गेलं.

सणसरला अजून ऊसतोड आली नव्हती. उभ्या उसात दोन हातांवर बसलेला माणूस दिसत नाही, हाक मारली तर आवाज कुठून आला ते कळत नाही. जोतीरामतात्या, तिचे आजोबा, पंच्याहत्तरीचे. पात्यांनी तोंड चिरून घेत सरी सरी फिरले. ती एका सरीत चपला काढून बसली होती आणि हातातल्या खड्याने स्वतःच्या पावलांवर ठोकत होती.

“पोरी, काय करतीस हितं?”

“आबा, पाय दगडाचं झाल्यात का बघतीया. आता न्हाय झालं. आता पंख येत्याल.”

हे तात्यांना काय कळणार? त्यांनी तिला खांद्याला धरून आणलं आणि मला फोन लावला. बोलले लीलाबाईच, “श्यामल, तुझ्या भाचीनं पुस्तकात काय लिवलंय गं?”

काय लिहिलं आहेस ते आता मी सांगते, कारण आता मी ते वाचलं आहे. तुझ्या राजकन्येच्या मागे सावट आहे. राजवैद्य तिला रोज सकाळी जडरस पाजतो. त्याच मनोऱ्यात तिची आत्या राहते. ती तीस वर्षं जडरस पीत आली आणि पायांपासून दगड होत चालली आहे. शेवटी राजकन्या कुपी फोडते, सावटाचे पंख होतात, ती उडून जाते. दगडी आत्या खिडकीत राहते. टाळ्या.

मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, “आत्या, ते रूपक आहे.” रूपक कळायला माणसाची झोप झालेली असावी लागते, पूर्वी. तुझा वाचक सतरा वर्षांचा आहे. त्यातला जो आजारी आहे तोच तुझं पुस्तक सर्वांत जवळ धरणार आहे, आणि तो ते कथा म्हणून वाचत नाही, चिठ्ठी म्हणून वाचतो.

तू एकटी नाहीस, हे खरं. उत्कर्षाच्या फळीवर तुझ्यासारख्यांची आणखी आठ पुस्तकं आहेत. गेल्या आठवड्यात मी ती सगळी वाचली. तुमच्या राज्यांत दुःख हे वरदान असतं. ज्याला भास होतात तो एक तर खलनायक, नाही तर भविष्यवेत्ता. वैद्य हमखास राजाचा हेर. कुणी तलवार उचलून बरं होतं, कुणी प्रेमात पडून बरं होतं. औषध घेऊन, तपासणीला जाऊन, कंटाळत कंटाळत बरं झालेलं एकही माणूस तुमच्या कुठल्याही गडावर राहत नाही. इतके ड्रॅगन सुचतात, हे एक सुचत नाही?

पान सतरा मात्र मी तीनदा वाचलं. सकाळी डोळे उघडतात, सावट छातीवर बसलेलं असतं, आणि राजकन्येला एक पाय पलंगावरून खाली ठेवायचा असतो, एवढंच. उत्कर्षा मला म्हणाली, “आजी, हे कुणी तरी पहिल्यांदाच खरं लिहिलंय.” तिचं बरोबर आहे. म्हणूनच तिने पुढचंही सगळं खरं मानलं.

आता तू विचारशील, एकतीस वर्षं कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलेल्या बाईने पुस्तक न वाचता पोरीच्या हाती कसं दिलं?

मी त्रेचाळिसाव्या पानापर्यंत वाचलं होतं. तिथे आत्या येते. स्टीलच्या डबीतून आटवलेल्या जडरसाची वडी काढते, भिंतीकडे तोंड करून गिळते, आणि डबी पोळपाटामागे ठेवते. पूर्वी, माझी डबी पोळपाटामागेच असते. मी पुस्तक मिटलं. कपाटात ठेवलं. सगळ्यांना सांगितलं, फार छान लिहिलंय पोरीने. पुढे वाचलं असतं तर शेवट कळला असता, आणि ते पुस्तक मी तिला दिलं नसतं. मी भ्यायले. एवढंच कारण.

तू चौदा वर्षांची होतीस. मे महिन्याच्या सुट्टीत आली होतीस, ती डबी उघडून विचारलंस, “आत्या, ह्या कसल्या गोळ्या?” मी तुझ्या थोबाडीत मारली आणि थायरॉइडच्या म्हणाले. तू मला विचारलं होतंस. मी उत्तर दिलं नाही, म्हणून तू रचलंस. पण इतकी वर्षं मी शिस्तीने चालते, हसत नाही, कुणाच्या गळ्यात पडत नाही, ते गोळ्यांमुळे असं तुला वाटलं असेल तर चूक आहे. मी गोळ्यांच्या आधीपासून अशीच आहे. १९९५ साली तीन महिने मी अंथरुणातून उठले नव्हते. गोळीने मला दगड केलं नाही. गोळीने मला न्हाणीघरापर्यंत नेलं, मग कॉलेजपर्यंत.

आणि उत्कर्षाच्या गोळ्यांना थायरॉइडचं नाव देणारीही मीच. माझं जुनं खोटं तयार होतं, तेच तिला दिलं. एकाच घरात आम्ही दोघी एकाच आजाराच्या गोळ्या घेत होतो, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. विचारायला माणूस नव्हतं, म्हणून तिने पुस्तकाला विचारलं.

डॉक्टरांनी कमी मात्रेने पुन्हा सुरू करायला सांगितलं. ती ऐकेना. पाय आवळून बसली. तेव्हा मी डबी आणून तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, ती दगडी आत्या मी आहे. एकोणतीस वर्षं. बघ.

 तिने वाकून माझ्या पायाच्या अंगठ्याला असा चिमटा काढला की मी ओरडले. खूप मोठ्याने. पाडव्यानंतर ती पहिल्यांदा हसली.

सणसरलाही मीच जाऊन सांगितलं. लीलाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “तू बी? आन म्या तुझ्या थायराइटसाठी नऊ वर्सं मंगळवार धरल्यात! माझं मंगळवार कोन भरून देनार?” मग आत जाऊन चहा टाकला.

दुसरी आवृत्ती निघते आहे म्हणे. शेवट बदल असं मी म्हणणार नाही, शेवट तुझा आहे. पण त्या बाईला मनोऱ्यातून खाली उतरव. जिना उंच असेल तर सावकाश उतरव. औषध घेऊन उतरव.

आणि चोवीस तारखेला इथल्या कॉलेजात तरुणांच्या मनावर तुझं व्याख्यान आहे, त्याआधी घरी ये. उत्कर्षाला तुझ्याशी भांडायचं आहे. मी मध्ये बोलणार नाही.

तुला मारलं होतं, ते चुकलं.

तुझी आत्या,
श्यामला

मिहिरच्या हाती दिलं: ‘काजळगड’, एक प्रत, पेन्सिलच्या खुणांसह, पान सतरा कोरं. माझी डॉक्टरांची फाइल, १९९५पासूनची. वाचून परत आणणे.

आज सकाळी साडेसात वाजता, स्वयंपाकघरात, उजेडात: उत्कर्षाला तिची गोळी मी दिली. मला माझी तिने दिली. दोन्ही घेतल्या.