वरच्यात वरचे, खालच्यात खालचे

३ जुलै
मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, 'सातवी ब'ला अपूर्णांक येत नाहीत. चाचणीत फरक दिसला नाही तर वर्ग नव्या मॅडमना देऊ. हसलो. देतायत! 'सातवी ब' माझी आहे. संकल्प : यापुढे मुलांच्या चुकांकडून शिकायचं. चूक म्हणजे खिडकी. वाक्य झकास. स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिलं.

४ जुलै
वाक्याखाली कोणीतरी 'काच पुसा' लिहिलंय. अक्षर इतिहासाच्या सरांचं.

९ जुलै
चुका गोळा केल्या. जवळजवळ सगळ्यांचं १/२ + १/३ = २/५. वरच्यात वरचे, खालच्यात खालचे. सगळ्यांची एकच चूक? कॉपी. निदान पक्कं. बाकं लांब लांब सरकवली. कंबर धरली.

१० जुलै
बाकं लांब. चूक तीच. म्हणजे पायाच कच्चा. प्राथमिकच्या बाईंना बोललो. त्या म्हणाल्या, "आमच्याकडून जाताना बरी होती हो पोरं." 

१२ जुलै, मधली सुट्टी
मागच्या बाकावरची एक मुलगी, वर्ग तिला वकीलबाई म्हणतो, उठून म्हणाली, "पण सर, तुम्हीच तर..." म्हटलं, पण-बिण नाही, आधी छेद समान कर. शिस्त हवीच.

१८ जुलै
चाचणीचे पेपर घरी. एका जागी बसवत नाही. ही म्हणाली, "अहो, टेका जरा, फरशी झिजेल." उत्तरं तीच. मी मात्र नेहमीसारखी प्रत्येक पेपरवर लाल शाईत नीट बेरीज मांडली. एकावर : ७/१० + ११/२० = १८/३०. माझी बेरीज चुकत नाही.

२२ जुलै
वर्ग नव्या मॅडमना दिला. तात्पुरता असणार. मला लायब्ररीचे तास.

२३ जुलै
नव्या मॅडम लायब्ररीत आल्या. म्हणाल्या, "सर, राग मानू नका. असं का करता म्हणून विचारलं, तर मुलांनी तुमचे तपासलेले पेपरच काढून दाखवले. सर अशीच बेरीज करतात म्हणाली."
म्हटलं, ते मार्क आहेत, अपूर्णांक नव्हेत.
"हो ना. पण हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं."
त्या गेल्यावर 'सातवी ब'कडे गेलो. सांगायलाच. दार लोटलेलं. आत वकीलबाई काहीतरी मांडत होती, वर्ग हसत होता. कडीपर्यंत हात नेला.
माझा तास नव्हता.