उसात मारलेली हाक

तीर्थरूप आईस, जर्मनीहून अक्षीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. दादांचा गुडघा कसा आहे?

आज विद्यापीठात सगळ्यांचं संशोधन भिंतींवर लावलं होतं. माझं मातीतल्या जंतूंवरचं, शेजारी एकाचं बिबट्याच्या विष्ठेवरचं. पलीकडे माणसांच्या भीतीवरचं, आणि त्यात आपलं पिंपरी पेंढार! हरखून वाचायला गेले, तर तिथे गावातल्या एका बाईचं बोलणं छापलेलं. बाईचं नाव बदललेलं, पण माझं तसंच राहिलेलं: "उसात मी एकटीच असते. मंग 'अक्षे, ये गं इकडं' आसं वरडते. बिबट्याला वाटतं, दोघी हायेत. लेकीला सांगू नगा."

आणि मला फोनवर म्हणतेस, बिबट्या आता फिरकतसुद्धा नाय!

आई, यापुढे उसात शिरताना मला फोन लावून तो चालू ठेव. तू हाक मार, मी ओ देईन.

तुझी,
अक्षी