हरणीची बीजांडं आणि जपानी काढा

४ फेब्रु., फलटण
वडिलांची, आप्पांची, हरणी गाय आमच्या प्रयोगशाळेतल्या प्रयोगात घ्यायला सर तयार झाले. खिलार, म्हातारी, कितीदा भरवली तरी गाभण राहत नाही. आईने वाढवलेली. त्या वंशात आता हीच एक उरलीय.
आई जाऊन वर्ष होत आलं. रडू अजून आलेलं नाही. कुणाला सांगितलं नाही.

७ फेब्रु., आटपाडी
डॉक्टरांनी हरणीची बीजांडं सुईने काढली. आप्पा म्हणाले, "अंडी? गाय हाय का कोंबडी?" डॉक्टर हसले. मीही हसल्यासारखं तोंड केलं.
निम्मी एका बशीत साध्या द्रवात पिकवायची, निम्मी दुसऱ्या बशीत, जपानी वनस्पतींच्या काढ्याचा अर्क घातलेल्या द्रवात. म्हाताऱ्या गायींना त्या काढ्याचा गुण येतो का, हाच प्रयोग. डबा मांडीवर घेऊन फलटणला. रस्ता आठवत नाही.

८ फेब्रु.
दोन्ही बश्यांतली पिकली. साधीतलीसुद्धा! म्हाताऱ्या गायीची अशी पिकत नाहीत. सरांना शंका आली. आप्पांना फोन.
"व्हय, शतावरी देतुय की. गुळातनं. पुनवंपास्नं."
"आप्पा, मी विचारलं होतं ना, औषध चालू आहे का?"
"आगं, औषध कुठं? मुळी हाय ती. तू जपानची घालतीस, मी हितली घातली. लय बिघडलं व्हय?"
बिघडलंच. आता गुण काढ्याचा की शतावरीचा, कोण सांगणार. न ठरणाऱ्या गायीला आईही हेच द्यायची. आप्पांनी तेच चालू ठेवलंय, एकट्याने.
सर: "ही गाय बाद." म्हणजे बश्या फेकायच्या.
म्हटलं, "नोंदीतून बाद करा. बीजांडं टाकू नका."
सरांनी नोंदीत हरणीवर काट मारली. "खिलार वळूचं वीर्य आहे का आपल्याकडे?"
"आहे."
"मग उभ्या का, मॅडम?"

९ फेब्रु.
काही फळली. आनंद व्हायला हवा. जेवले, भांडी घासली.

१३ फेब्रु.
एकेक करत वाढायची थांबली. एकच वाढतंय, साधीतलं की काढ्यातलं ते मी वहीत लिहिलं नाही.
आप्पांचा फोन. "पोटात हाय का न्हाई, तेवढं सांग."
"पोटात नाही आप्पा, कपाटात आहे."
"कपाटात!" मग, "थंडी न्हाई न्हवं तितं?"
नाही म्हटलं. फोन ठेवला.
दुसऱ्या गायीच्या पोटात ठेवण्याइतकं होतंय का, ते उद्या-परवा कळेल. सारखं कपाटाचं दार उघडून बघावंसं वाटतं. उघडलं की आतली ऊब जाते. दारावर नुसता हात ठेवून उभी राहिले.