डाव्या हाताचं कुंकू

११ ऑक्टोबर १९७१, सोमवार

मला पहिला शेरा मिळाला. केसांत अबोलीचा गजरा होता म्हणून. आम्हाला इस्पितळातलं काम शिकवणाऱ्या विजयमालाबाईंनी तो सगळ्या वर्गासमोर स्वतःच्या हातानं काढला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, "लग्नाला आलीस की कामाला?" मुली हसल्या. मेहरुन तेवढी हसली नाही. तिला आधीच दोन मिळालेत.

तीन शेरे झाले की नाव कमी. सांगलीला पोचवायला आले तेव्हा आबा म्हणाले होते, "नाव कापलं तर कवठ्याला यायचं आणि मी सांगंन त्याच्या गळ्यात माळ घालायची." त्यांनी माणूस बघूनही ठेवलाय. त्याची पहिली बायको विहिरीत गेली. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारी मी पहिली. परत जायचं नाही. काही झालं तरी नाही.

१४ ऑक्टोबर

नियम पाठ झाले. रात्री झोपेतही म्हणते म्हणे. रोग्याकडून खायचं नाही, घ्यायचं नाही. रोग्याला जे करता येण्यासारखं आहे ते आपण करून द्यायचं नाही — याच्याखाली बाईंनी दोन रेघा ओढायला लावल्या. रोग्याच्या घरची बातमी, चांगली असो वाईट असो, आपण सांगायची नाही. ती बाई सांगतील. आणि दुसरीनं नियम मोडलेला बघून गप्प राहील तिला तोच शेरा.

"दया करायची असेल तिनं देवळात जावं," बाई म्हणाल्या. "इथं हात शिकवायचे असतात."

मला पटलं. खरंच पटलं. व्यवसायोपचार सहायक — एवढं मोठं नाव मिळणार, तर तसं वागायला नको? वॉर्डातल्या बायका मात्र आम्हाला "खेळवणाऱ्या पोरी" म्हणतात. आम्ही रोग्यांना मणी ओवायला लावतो म्हणून.

२५ ऑक्टोबर

दिवाळीला घरी गेले नाही. आज मला माझी रोगी मिळाली. राहीबाई. साताऱ्याकडची. गुऱ्हाळावर चरकात ऊस सारताना उजवा हात ओढला गेला. मनगटाच्या वर थोडा उरलाय. जखम भरलीय. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. नवरा कृष्णात पलटणीत आहे, बंगालच्या हद्दीवर.

डिसेंबरात बाहेरचे परीक्षक येतील. त्यांच्यासमोर तिनं एकट्या डाव्या हातानं लुगडं नेसायचं, वेणी घालायची, कुंकू लावायचं, जेवायचं. तिनं केलं तर मी पास.

जेवायला ती लगेच तयार झाली. वेणीचं बघू म्हणाली. कुंकवाला नाही.

"डाव्या हातानं जेवले तर मीच बाटन. त्येला काय? पर कुकू माजं न्हाई, मालकाचं हाय. डाव्या हातानं लावलं आनि त्येंच्या जिवाला लागलं तर? त्ये तितं बंदूक घिऊन बसल्यात."

मी म्हटलं, असं काही नसतं.

"तुजं लगीन झालंय?"

नाही म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

२ नोव्हेंबर

आठवडाभर बघतेय, राहीबाईच्या कपाळावर सकाळी कुंकू असतं. गोल, नेमकं मधोमध. कोण लावतं विचारलं तर म्हणते, "उगवतंय."

आज लवकर वॉर्डात गेले. मेहरुन! डबीतलं मेण बोटावर घेऊन राहीबाईच्या कपाळाला लावत होती, वर कुंकू. दोघी हसत होत्या. मला बघून मेहरुन म्हणाली, "मी इचारलं तिला, मी मुसलमान, माझ्या हातचं चालंल का? तर म्हनती, हात उजवा हाय न्हवं, मग झालं."

मीही हसले. मग दिवसभर जेवण गेलं नाही. बघून गप्प राहील तिला तोच शेरा. मला एक आहे. दोन होतील. आणि शिवाय राहीबाई अशानं शिकणार कधी? परीक्षेला काय मेहरुन लावणार?

३ नोव्हेंबर

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंस."

५ नोव्हेंबर

मेहरुनला तिसरा शेरा. ती तिच्या गावी, शिरवळला परत गेली. ट्रंक भरताना मी दारात उभी होते. वाटलं शिव्या देईल. नाही दिल्या.

"आक्काताई, तू लय चांगली हाईस," म्हणाली. "मला वाईट मानसांचं भ्या न्हाई वाटत. तुझ्यासारख्यांचं वाटतं."

मी चुकले नाही. नियम वाचून बघितला परत. चुकले नाही.

१२ नोव्हेंबर

राहीबाईचं कपाळ आठवडाभर मोकळं. बाईंनी सगळ्या वॉर्डाला ताकीद दिलीय, कुणी लावायचं नाही. शेजारच्या खाटेवरची चंद्राबाई सकाळी उठली की आधी दुसरीकडे तोंड करते. आज मोठ्यानं म्हणाली, "नवरा जिता असून हे ध्यान कशाला बघायचं सकाळच्या पारी!" राहीबाईनं पदर भुवयांपर्यंत ओढला. पदर खाली, नजर खाली — वेणीचा सराव झालाच नाही.

मी डबी बसेल एवढी खाच केलेली फळी सुताराकडून करून आणली. खाली ओलं फडकं घातलं की डबी सरकत नाही. आरसा भिंतीला लावला. सगळं तिच्या डाव्या हाताला. तिनं बघितलंसुद्धा नाही.

१९ नोव्हेंबर

बाईंनी मला सांगितलं, मी तिला सांगितलं. की परीक्षेचं सगळं काम केलं नाहीस तर लाकडी हातासाठी तुझं नाव जाणार नाही. तो हात बसला की तिला कोयता धरता येईल, भाकरी थापता येणार नाही पण परात धरता येईल. त्या हातासाठीच ती इथं राहिलीय.

ती म्हणाली, "ह्ये तुज्या मनातनं आलं का बाईच्या?"

मी म्हटलं, नियम आहे. असा नियम मला कुठं सापडलेला नाही.

तिनं लावलं. कुंकू डाव्या भुवईवर उतरलं. मी म्हटलं, पूस, परत लाव. परत वाकडं. परत पूस. कपाळ लालभडक झालं, कुंकवानं की घासून ते कळेना. चंद्राबाई उठून बाहेर गेली.

४ डिसेंबर

लढाई लागली. मेसमध्ये रेडिओभोवती गर्दी. राहीबाई आता रोज लावते, बऱ्यापैकी गोल येतं. लावून झालं की थोटा हात कपाळाला टेकवते आणि पुटपुटते. कुणाची क्षमा मागते ते मी विचारत नाही. नोंदीत लिहिलं — समाधानकारक प्रगती.

१३ डिसेंबर, सोमवार

राहीबाईचा दीर गुंडा आला. मला फाटकातच भेटला, बाईंची खोली विचारत. मी घेऊन गेले, म्हणून आतच होते. त्यानं टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "दादा गेला. परवा तार आली."

बाईंनी त्याला बसवलं, चहा मागवला. म्हणाल्या, "शुक्रवारी परीक्षक येतायत. तिला आज कळलं तर इतक्या दिवसांचं शिकलेलं सगळं जाईल. लाकडी हातही जाईल. चार दिवस थांबा. मी सांगेन तिला नीट."

"आमाला काय कळतंय, बाई. तुमी म्हनशीला तसं."

तो गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "तुला नियम माहीत आहे."

हो म्हटलं. खोलीतून निघाले तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते इथं तरी खरं लिहिते — आता ती कुंकू लावेल ना, हेच. तो माणूस मेला हे नंतर आलं.

१४ डिसेंबर

तिनं लावलं. मी आरसा पुसून दिला. "थोडं वर," म्हटलं. माझ्याच तोंडून गेलं. तिनं थोडं वर लावलं.

डाव्या हाताचं ते खोटं आहे. मी शिकलेली आहे. तार जेव्हा आली, तेव्हा कितीतरी घरांत आली. त्या सगळ्या बायका काय डावऱ्या होत्या?

१५ डिसेंबर

राहीबाईनं विचारलं, "लडाईचं काय म्हनत्यात?"

मी म्हटलं, आपण जिंकतोय. हे खोटं नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या निऱ्या मोजल्या.

१६ डिसेंबर

लढाई संपली. वॉर्डात पेढे. राहीबाईनं तिचा पेढा माझ्यापुढे धरला. रोग्याकडून घ्यायचं नाही म्हणून मी घेतला नाही.

"संपली न्हवं?" ती म्हणाली. "मग आता घरला येतील मानसं. येतील का गं?"

"येतील," मी म्हटलं.

"आमचं बी?"

मी म्हटलं, उद्या परीक्षा आहे, लवकर झोप.

१७ डिसेंबर, शुक्रवार

झालं. परीक्षक दोघे होते, एक टाय लावलेले. राहीबाईनं लुगडं नेसलं, वेणी घातली, फळीतली डबी उघडली. मेण, मग कुंकू. एका दमात. इतकं गोल मी स्वतःही लावत नाही. टायवाल्यांनी टाळी वाजवली. तिला म्हणाले, "शाब्बास! नवरा रजेवर आला की खूश होईल."

बाई हसल्या. मीसुद्धा हसले. सगळे हसत असताना न हसणं वाईट दिसलं असतं.

राहीबाई माझ्याकडे बघत होती. त्यांच्याकडे नाही.

१८ डिसेंबर

बाईंनी सकाळी तिला सांगितलं. मला शेजारी उभं केलं होतं. ती रडली नाही, ओरडली नाही. डाव्या हाताचा तळवा उचलला आणि कपाळावरून एकदाच फिरवला. कुणाची मदत लागली नाही. बाईंनी बाहेर आल्यावर मला लिहायला सांगितलं, रोगी मनानं खंबीर.

लिहिलं.

१९ डिसेंबर, रविवार

मी पास झाले, पहिली. इथंच नोकरी. नव्या मुलींना नियम मीच शिकवायचे आहेत.

राहीबाई दिराबरोबर गेली. फाटकात थांबली आणि मला म्हणाली, "मला सोमवारीच कळलं हुतं. गुंडानं जाता जाता खिडकीतनं सांगितलं. म्याच म्हनलं त्येला, बाईला बोलू नगं. तू सांगतीस का बघत हुते, पोरी. रोज सकाळी बघत हुते."