घरभेदी हॉर्मोन

३ मार्च, सकाळी १०
रक्तात साखर वाढलीय. वजन ब्याण्णव. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, आकडा उतरला नाही तर रोज इन्सुलिनचं इंजेक्शन. मला सुईची भीती वाटत नाही. फक्त ती बघवत नाही.
एक बरं झालं, दोष माझा नाही. भूक, तृप्ती, चरबी या सगळ्यात हॉर्मोनांचा हात असतो, हे डॉक्टर स्वतः म्हणाले. पुढेही बरंच बोलले, पण मला मुद्दा कळला होता.
निश्चय : गोड बंद. बायको म्हणाली, तुम्ही एकटेच कशाला, मीही सोडते.

४ मार्च
घरचा वजनकाटा खोटा असणार. बावीस वर्षं वजनमापं निरीक्षक आहे, मला शिकवू नये. ऑफिसातलं वीस किलोचं प्रमाणित वजन घरी आणून काट्यावर ठेवलं. काटा बरोबर. तीन जिने वजन उचलून व्यायाम मात्र झाला. मग भूक लागली.

११ मार्च
वाचन केलं. घ्रेलिन भूक लावतं. पोट भरल्याचं लेप्टिननं कळवायचं, माझं कळवतच नाही. इन्सुलिन चरबी साठवत बसतं. माझ्याच घासावर पोसलेले, माझ्याच जिवावर उठलेत!

२६ मार्च, दुपारी ४
बेकरीची तपासणी. बिस्किटांची पाकिटं वजनात कमी भरतात अशी तक्रार. चार फोडली. वजन चोख. फोडलेलं पाकीट विकता येत नाही, टाकलं तर अन्नाचा अपमान. रीतसर विकत घेतली, फुकट काही नको. हे खाणं नव्हे, ड्यूटी. घरी सांगण्यासारखं काही नाही.

१७ एप्रिल
पुन्हा बेकरी. तक्रार नव्हती, पण लबाड माणसाला बेसावध गाठावं लागतं. आज केकचं वजन तपासलं.
बायको चार किलोनं उतरली. तिचे हॉर्मोन इमानदार निघाले. असतं एकेकाचं नशीब.

९ मे
साहेब डाफरले. एकाच बेकरीची महिन्यात पाच वेळा तपासणी का? ताणानं कॉर्टिसॉल वाढतं, कॉर्टिसॉलनं पोट. म्हणजे साहेबही कटात सामील.

३० मे
माझी रक्ततपासणी चार दिवसांवर. आजपासून फक्त काकडी.
एका दुकानदाराला फैलावर घेतलं. आम्ही येणार कळलं की खरी वजनं बाहेर काढतो. बाकीचे दिवस गिऱ्हाइकानं काय करायचं? लाज कशी वाटत नाही लोकांना! घरी येऊन काकडी खाल्ली.

३ जून, संध्याकाळी ६
आकडा वाढला. डॉक्टर म्हणाले, ही चाचणी गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. म्हणजे काकडी फुकट! हे आधी सांगायला नको? सरळसरळ विश्वासघात.
मी तोंड उघडायच्या आत बायको उखडली. डॉक्टरांना म्हणाली, तीन महिने यांनी गोडाचा कण तोंडात घातलेला नाही, मी साक्षीला आहे, तुमचं मशीन बिघडलंय. लगेच दुसऱ्या लॅबमध्ये नेऊन रक्त द्यायला लावलं. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, तेव्हा मी भिंतीवरचं स्वादुपिंडाचं चित्र बघत होतो. चित्र सुबक आहे.

५ जून, सकाळी ९
दुसरा रिपोर्ट. तोच आकडा.
बायकोनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून सावकाश वाचले. मग माझ्याकडे पाहिलं. मग कागदांची घडी घातली आणि आत गेली.
काही विचारलं नाही. विचारलं असतं तर हॉर्मोनांचं समजावून सांगता आलं असतं.