हात वर करणारी मुलगी

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्याबद्दल कुणी चांगलं बोललं की माझं डोकं फिरतं. आज फिरलं, म्हणून लिहायला बसले.

बदनापूरहून माझ्यासोबत रेल्वेनं येणारी ती मैत्रीण आठवते का? तुम्हाला कुठून आठवणार! कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये तिनं बक्षीस लागल्याची एक खोटी ईमेल उघडली आणि एकामागून एक मशीनं अडकली. तिनं लगेच हात वर केला. "सर, माझ्याकडून चुकीचं दाबल्या गेलं." तुम्ही तिला फळ्यासमोर उभं करता. "डोकं घरी ठेवून आल्ती का? बघा रे, हिच्यामुळं सगळी लॅब बसली!" वर्ग हसतो. ती रडत नाही, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहते. दुसऱ्या दिवशी ती गाडीला आली नाही. पुन्हा कधीच आली नाही. घरी म्हणाली, "मला न्हाई जमत कम्प्युटर."

त्यानंतर तुमच्या लॅबमध्ये कुणाचंच काही चुकलं नाही. मशीन बिघडलं की आम्ही गपचूप बंद करायचो आणि लाइट गेल्ती म्हणायचो. तुम्ही त्याला शिस्त म्हणून मिरवत राहिलात.

आता मी याच कॉलेजात शिकवते आणि माहितीची सुरक्षा कशी शिकवावी, यावरच संशोधन करते. आधी या विषयातले लोक खोट्या ईमेलला किती जण फसले, तेवढंच मोजायचे. आता फसल्यावर किती जण येऊन सांगतात, हेही बघू लागलेत. घाबरलेला माणूस लपवतो आणि ते सगळ्यांना महागात पडतं. तुम्ही जिला शिक्षा केलीत, तिच्यासारखं वागा म्हणून मी आज मुलांच्या विनवण्या करते.

आज विभागप्रमुखांनी, मी मुद्दाम खोटी ईमेल पाठवून घेतलेल्या चाचणीत फसलेल्या मुलांची नावं नोटीस बोर्डावर लावायला सांगितली. "तुमच्या सरांच्या टायमाला बराबर धाक होता, मॅडम."

"न्हाई लावणार. पुढच्या वेळी कुणीच सांगायला येणार न्हाई."

"मंग पोरं सुधरतील कशी?"

"नावं माझ्याकडंच राहतील, काय करायचं ते करा."

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. पासवर्ड विसरला तर ओळख पटवायला माझं ईमेलचं खातं आवडत्या शिक्षकाचं नाव विचारतं. तिथे मी तुमचं नाव दिलंय. माझा तुमच्यावरचा राग सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ते कुणाला सुचणारच नाही. कारण विचारलंत, तर एवढंच सांगेन.